यात्रेत गाजलेलं नाटक स्पर्धेत का पडतं?

प्रश्न : आमचं हौशी नाट्यमंडळ अमळनेर तालुक्यातल्या एका गावाचं. दरवर्षी वैशाखात गावच्या यात्रेला अहिराणी नाटक करतो. तीन तासांचा प्रयोग, दीड-दोन हजार माणूस बसतं, कुणी उठत नाही. मागच्या वर्षी तेच नाटक राज्य हौशी नाट्य स्पर्धेला नेलं आणि प्रयोग पडला. वेळ पुरली नाही, शेवटचा प्रवेश कसाबसा उरकला. अभिनय बटबटीत आहे, बोली समजत नाही, असं ऐकावं लागलं. दोन नट कापूस वेचणीमुळे तालमीला येत नव्हते. नायिका बाहेरून आणली होती, तिच्याबरोबर दोनच तालमी झाल्या. आता मंडळातले काही म्हणतात, यंदा प्रमाण मराठीत नाटक बसवू. यात्रेतही एक अडचण आहे. मागच्यांना आवाज घुमल्यासारखा येतो, शब्द कळत नाहीत. त्यात आमचा मुख्य नट म्हणतो, माझी भूमिका कापली तर मी मंडळ सोडतो. यंदा दोन्ही प्रयोग करायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?
— एक हौशी रंगकर्मी, अमळनेर तालुका

उत्तर : भाऊ, सुरुवात संहितेपासून करा, आणि तीही नट गोळा करण्याआधी. इतकी माणसं तीन तास बसवून ठेवणाऱ्या नाटकात दम आहेच. चुकलं ते एवढंच, की यात्रेचा प्रयोग उचलून तसाच्या तसा नाट्यगृहात ठेवला. त्या एकाच संहितेच्या दोन वह्या करा, एक यात्रेची आणि एक स्पर्धेची. तालीम, हालचाली, आवाज, दिवे, नेपथ्य, सगळं पुढे या दोन वह्यांवरून ठरेल.

यात्रेतला माणूस जेवण उरकून, पोरांना घेऊन, पाळण्यात बसवून मग नाटकाला येतो. कुणी पहिल्या प्रवेशाला पोचतो, कुणी तिसऱ्या. म्हणून आपल्याकडे प्रत्येक प्रवेशात एखादं पात्र आधी काय घडलं ते पुन्हा सांगतं. बतावणी, म्हणजे नटांची विनोदी सवाल-जवाबाची जुगलबंदी, रंगली तर ती दहा मिनिटं लांबते आणि लांबलेली लोकांना आवडतेही. नाट्यगृहात प्रेक्षक तिसऱ्या घंटेला जागेवर असतो. त्याला ती उजळणी ऐकवली की नाटक जागच्या जागी फिरतंय असं वाटतं.

तर पेन्सिल घ्या आणि वाचन करताना समासात खुणा करा : उजळणीची वाक्यं, गाणी, बतावणी, जागा बदलण्याचे अंधार. प्रत्येक प्रवेश मोबाइलवर वेळ लावून वाचा आणि मिनिटं वहीत लिहा. मग याच क्रमाने कापा. आधी उजळणी पूर्ण काढा. तीन तासांच्या नाटकात तिनेच वीस-पंचवीस मिनिटं खाल्लेली निघतात. मग गाण्यांची दुसरी-तिसरी कडवी. मग कथेला न लागणारे विनोद. कथेचे प्रवेश शेवटपर्यंत हातात ठेवा. बहुतेक मंडळं उलटं करतात. गाणी आणि विनोद वाचवायला एखादा मधला प्रवेश उडवतात, आणि मग शेवट का आला हेच कुणाला कळत नाही.

अंधार मोजायला विसरू नका. चौदा वेळा जागा बदलत असेल आणि प्रत्येक बदलाला पंचेचाळीस सेकंद लागत असतील, तर साडेदहा मिनिटं नुसत्या काळोखात जातात. वाचनात ही वेळ दिसतच नाही, म्हणून वाचनात बसलेलं नाटक प्रयोगात बाहेर सांडतं. चौदाचे चार अंधार करा. ओटा, घर आणि पार एकाच नेपथ्यात तीन कोपऱ्यांत मांडले आणि त्या त्या कोपऱ्यावर उजेड नेला, की खाटा-टेबलं उचलावी लागत नाहीत. त्या वर्षीच्या नियमपत्रिकेत जी वेळ दिली असेल, तिच्या दहा मिनिटं आत तुमची रंगीत तालीम संपली पाहिजे. ही दहा मिनिटं हशा, टाळ्या आणि ऐनवेळच्या अडचणींसाठी लागतात.

आता बोली. अहिराणी सोडू नका. प्रमाण मराठीत बोलायला लागले की तुमचे नट शब्द आठवण्यात अडकतील, आणि तुमच्याकडची सगळ्यात मोठी ताकद तुम्ही आपल्या हाताने घालवाल. "बोली समजत नाही" या तक्रारीची कारणं बहुतेक वेळा भाषेबाहेरची असतात, आणि ती दुरुस्त होतात.

पहिलं कारण भेसळ. अमळनेर-धुळ्याकडचा नट "मना, तुना, माले, शे" बोलतो. रावेर-यावलकडून आलेला "माह्या, तुह्या, मले" बोलतो, ती लेवा गणबोली. दोघं नाटकात सख्खे भाऊ असतील तर बाहेरच्या ऐकणाऱ्याचा कान दर वाक्याला नव्याने जुळवून घेतो आणि थकतो. नाटकातलं गाव कुठलं ते ठरवा आणि त्या एका गावची बोली सगळ्यांना द्या. ज्याला जमत नाही त्याला त्या घरचा जावई करा, पाहुणा करा, व्यापारी करा. म्हणजे त्याची वेगळी बोली नाटकालाच उपयोगी पडेल. कोण कुणाशी काय बोलतं हेही वहीत लिहा. तलाठ्यापुढे उभा शेतकरी प्रमाण मराठीत बोलायचा प्रयत्न करतो आणि चिडला की अहिराणीवर येतो. हे नट ऐनवेळी सुचेल तसं करतात, ते संहितेत पक्कं असायला हवं.

दुसरं कारण वाक्याचा शेवट. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार शेवटी येतो. "माले तठे जावानं नई" या वाक्यातला "नई" गिळला गेला की अर्थ उलटा होतो. गावातला माणूस चेहऱ्यावरून ओळखून घेतो, बाहेरचा नाही ओळखत. आणि ओरडणारा नट नेमका शेवटच गिळतो, कारण सगळा श्वास पहिल्या दोन शब्दांत खर्च झालेला असतो. यावर उपाय असा : शाळेच्या मैदानात नटाला साठ फुटांवर उभं करा, माइक न देता. दुसरा एक जण त्याच्याकडे पाठ फिरवून बसेल आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द कागदावर लिहील. वीस वाक्यांत किती शब्द चुकले ते नटाला दाखवा. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा ती जागा वहीत उभ्या रेघेने पक्की करा. हा सराव रोज दहा मिनिटं, पंधरा दिवस केला तर ओरडणं आपोआप कमी होतं, कारण ऐकू जाण्यासाठी ओरडावं लागत नाही हे नटाला कळलेलं असतं.

तिसरी गोष्ट, नाटकाची पहिली पाच मिनिटं. तिथे म्हणी, शिव्या, आडनावं, नातीगोती यांची गर्दी करू नका. पहिल्या प्रवेशात काय चाललंय ते डोळ्यांनी कळलं पाहिजे : कुणी सामान बांधतंय, कुणी कर्जाचा कागद लपवतंय. पाच मिनिटांत परक्याचा कान बोलीला सरावतो, मग पुढे हवी तेवढी ठसकेबाज अहिराणी घाला. आणि एक कळकळीची विनंती. नायक-नायिका प्रमाण मराठीत आणि गडी-मोलकरीण तेवढी अहिराणीत, असं करू नका. आपल्याच भाषेला हसण्यापुरतं स्टेजवर आणणं थांबायला हवं, आणि ते आपल्याच मंडळांनी थांबवायचं आहे. रडण्याचा, भांडणाचा, निवाड्याचा प्रवेश अहिराणीत करा. तुमच्या नटांचा खरा कस तिथे दिसतो.

बटबटीतपणाचं मूळ अंतरात आहे. यात्रेत शेवटचा माणूस दीडशे फुटांवर, वाळूत बसलेला. त्याला डोळ्यांतला भाव दिसत नाही, म्हणून हात मोठे होतात, नट रांगेत उभे राहून समोर बघत बोलतात. यात्रेसाठी हे बरोबरच आहे, ते मोडू नका. नाट्यगृहात पहिली रांग नटापासून हाकेच्याही आत असते आणि मागची रांग यात्रेच्या निम्म्या अंतरावर. तिथे तोच हात मारामारीला निघाल्यासारखा दिसतो. स्पर्धेच्या वहीत तीन नियम लिहा. बोलताना ज्याच्याशी बोलतोय त्याच्याकडे बघायचं, तोंड मात्र थोडं प्रेक्षकांकडे उघडं ठेवून. दुसरा बोलत असताना आपण हलायचं नाही. आणि कारण असल्याशिवाय मधोमध यायचं नाही.

तालमीची जागा मोजून घ्या. नाट्यगृहात जाऊन टेप लावा : समोरची रुंदी, खोली, विंगेतली जागा, पडद्याची रेघ. जळगावच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात प्रयोग असो की आणखी कुठे, तिथली मापं कागदावर आणा आणि तेवढा चौकोन शाळेच्या मैदानात चुन्याने आखा. यात्रेचं स्टेज लहान असतं. त्याच्यावर सराव केलेले नट मोठ्या रंगमंचावर मधल्या दहा फुटांत गोळा होतात आणि दोन्ही बाजू ओसाड पडतात. दार कुठे, खाट कुठे, हे पहिल्या दिवसापासून विटा ठेवून दाखवा. प्रवेश करणाऱ्या नटाला विंगेतून मध्यापर्यंत किती पावलं लागतात हे माहीत असलं की वाक्य आणि चाल एकत्र संपतात.

आता कापूस. स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा दिवाळीच्या पुढे येते, म्हणजे वेचणी जोरात आणि हरभऱ्याची पेरणीही डोक्यावर. त्या दिवसांत तालीम बुडवणाऱ्या नटाला बोल लावून उपयोग नाही. मजूर मिळत नाही तेव्हा घरचा माणूस शेतातच असणार. वेळापत्रकच शेताच्या कलाने लावा. जुलैत पेरणी आटोपल्यावर रात्री वाचन, आठवड्यातून दोनदा, एकूण आठ बैठका. पहिल्या तीन बैठकांत भूमिका वाटू नका, सगळ्यांनी सगळं वाचायचं. ऑगस्टभर हालचाली. निंदणी संपते तिथपासून पोळा-गणपतीपर्यंतचा काळ सगळ्यात मोकळा, त्यात आठवड्याला चार तालमी घ्या. गणपतीच्या दिवसांत गावातच नाटकाचा अर्धा भाग लोकांपुढे करून बघा. सप्टेंबर संपताना पूर्ण नाटक पाठ आणि एका दमात होणारं हवं. ऑक्टोबरपासून आठवड्यात दोनच रात्री, आणि त्या रात्री तुकडे न करता सबंध नाटक. वेचणीच्या दिवसांत नवं काही बसवायचं नाही, फक्त बसलेलं टिकवायचं. हे एवढं पाळलं तर नोव्हेंबरात दोन नट दोन रात्री आले नाहीत तरी नाटक मोडत नाही.

प्रत्येक मोठ्या भूमिकेला एक बदली नट ठेवा. बदली नट म्हणून वेगळा माणूस शोधू नका, लहान भूमिका करणाऱ्यालाच मोठी पाठ करायला लावा. आणि प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सुचवणारा, एकच, पहिल्या तालमीपासून शेवटपर्यंत. रोज नवा प्रॉम्प्टर बसला तर नटाचा थांबा कुठला आणि विसरणं कुठलं हे त्याला कळत नाही, आणि तो भरल्या थांब्यात वाक्य फेकतो.

नायिकेचा प्रश्न पैशाने सुटत नाही, वेळेने सुटतो. गावातल्या मुली-बायका का येत नाहीत ते बघा : तालीम रात्री साडेनऊला, जागा आडबाजूला, घरी सोडायला कोण ते ठरलेलं नाही, आणि मंडळात ती एकटीच बाई. यातलं प्रत्येक कारण बदलता येतं. तिचे प्रवेश रविवारी दुपारी दोन ते पाच, शाळेच्या वर्गात, दार उघडं ठेवून बसवा. नाटकात एक बाई असेल तर दुसरी लिहून वाढवा. सासू, शेजारीण, आशाताई, काहीही. दोघी असल्या की दोघींच्या घरचे परवानगी देतात. मंडळाच्या जाणत्या माणसाने बायकोला घेऊन त्यांच्या घरी जावं, संहिता वाचून दाखवावी, कुठला प्रवेश कसा आहे ते आधीच सांगावं. कपडे बदलायला कडी लागणारी वेगळी खोली प्रयोगाच्या ठिकाणी आहे की नाही, हे मंडळाने आधी जाऊन पाहायचं. यात्रेत तर ही खोली नसतेच. स्टेजमागे ताडपत्रीचा नुसता आडोसा चालणार नाही, जवळचं एखादं घर मागून घ्या.

बाहेरून कलाकार आणावीच लागली तर मानधन, प्रवास, मुक्काम आणि तालमींची संख्या एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. सहापेक्षा कमी तालमींत ती तुमच्या नाटकात मिसळणार नाही. तिच्या वाक्यांचं अहिराणी उच्चारण गावातल्या बाईच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून महिनाभर आधी पाठवा. पुरुषाच्या आवाजात पाठवलं तर ती पुरुषाच्या हेलात बोलते.

नेपथ्य पिकअपमध्ये मावेल एवढंच करा. दोन बाय एक इंची पट्टीच्या आठ फूट उंच, चार फूट रुंद चौकटी, कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोण, वर ताणून मांजरपाट. रंगाआधी एक भाग फेविकॉल आणि पाच भाग पाण्याचा हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग डिस्टेंपर. हा हात चुकला तर कापड रंग पितं, सैल पडतं आणि दार आपटलं की सगळी भिंत थरथरते. चौकटी एकमेकींना खिळ्यांनी ठोकू नका. काढता येणाऱ्या खिळीच्या बिजागऱ्या लावा, म्हणजे चार माणसं अर्ध्या तासात घर उभं करतात. मागे तिरका टेकू आणि त्यावर खताच्या गोणीत भरलेली पंधरा किलो वाळू. स्पर्धेत मांडायला मिळणारा वेळ तोकडा असतो, म्हणून नेपथ्य उभं करण्याचीही घड्याळ लावून तालीम घ्या.

यात्रेतला घुमणारा आवाज हा सगळ्यात सोपा बिघाड आहे आणि सगळ्यात जास्त गावांत तसाच राहतो. आवाजवाला स्पीकरचे दोन खोके स्टेजजवळ ठेवतो आणि दोन मागे शंभर फुटांवर खांबाला बांधतो. वायरमधून आवाज मागच्या खोक्याला लगेच पोचतो, पण समोरच्या खोक्याचा आवाज हवेतून येतो. उन्हाळ्याच्या रात्री तो सेकंदाला साधारण 350 मीटर जातो, म्हणजे शंभर फूट, तीस मीटर, जायला 85 मिलिसेकंदांच्या आसपास. मागचा माणूस प्रत्येक शब्द दोनदा ऐकतो. मिक्सर डिजिटल असेल तर मागच्या खोक्यांना 85 ते 90 मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे तेवढा उशीर, लावायला सांगा. जुना मिक्सर असेल तर मागचे खोके काढून टाका, पुढचेच दहा-बारा फूट उंच स्टँडवर चढवा आणि तोंडं किंचित खाली वळवा. बास कमी करा. नाटकाला लग्नाच्या बँडचा दणका नको, बोलणं समजायला हवं. आणि आवाजवाला स्टेजमागे बसता कामा नये. तो लोकांच्या मधोमध बसला तरच लोक काय ऐकतात ते त्याला कळेल.

माइक वरून टांगू नका, वैशाखातलं वारं त्यात सूं सूं करतं. स्टेजच्या पुढच्या कडेला तीन माइक, सहा ते आठ फुटांवर एकेक, खाली दोन इंची फोमचा तुकडा. फोम नसेल तर फळ्यांवरच्या पावलांचे दणके माइकमधून येतात. सबंध स्टेजवर सतरंजीही पसरा. खोके माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला असले पाहिजेत. मागे सरकले की शिट्टी वाजणारच. कॉलर माइक दोन मुख्य नटांना द्या, आणि त्यातल्या बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला नव्या.

उजेडाबद्दल थोडक्यात. समोरून सरळ मारलेला फोकस चेहरा सपाट करतो आणि नटाचे डोळे दिपवतो. दिवे दोन्ही बाजूंनी तिरके, बारा-चौदा फुटांवर. हजार वॉटचा एक दिवा 230 व्होल्टला साडेचार अँपिअरच्या जवळ घेतो. असे बारा म्हणजे पन्नास अँपिअरच्या वर, गावातल्या एका फेजवर ते झेपत नाही. एलईडी पार (स्टेजवर झोत टाकणारे दिवे) घ्या, एकेक दीडशे वॉटच्या आसपास, बारा मिळून दोन किलोवॉटच्या आत. जनरेटर लहान चालतो. त्यांत वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरे, आहेत याची खात्री करा. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात आपले सावळे चेहरे राखेसारखे दिसतात. मेन लाइनला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) आणि जनरेटरला अर्थिंग असल्याशिवाय कुणालाही लोखंडी स्टेजवर चढू देऊ नका.

वैशाखात मिशी गळून पडते ती घामाने. आधी ओठावरची जागा स्पिरिटने पुसा, तिथे पॅनकेक (रंगभूषेचा थर) किंवा पावडर लावू नका, स्पिरिट गम (मिशी चिकटवायचा डिंक) लावून अर्धा मिनिट थांबा, चिकट झाला की मिशी बसवून ओल्या कापडाने दाबा. रंगभूषा मिशीनंतर, आजूबाजूने. बाकी चेहऱ्यावर यात्रेत ठळक रेघा चालतात, नाट्यगृहात त्याच्या निम्म्यानेही कमी.

यात्रेची वेळही बदला. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवण्याचा नियम आहे. वर्षातल्या ठरावीक दिवसांना बारापर्यंत सूट मिळते, ती तुमच्या यात्रेच्या दिवशी आहे का ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. सूट नसेल तर पावणेआठला पडदा वर जाऊन दहाला उतरला पाहिजे, म्हणजे यात्रेची वहीसुद्धा सव्वादोन तासांची लागेल. नऊला सुरू करून ऐन शेवटच्या प्रवेशात आवाज बंद करायची पाळी आणू नका.

कागदपत्रं जुलैतच हातात घ्या. लेखकाची लेखी संमती हवी. लेखक हयात नसेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात, त्यांची संमती घ्या. संहितेला राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो. स्पर्धेत जी वही बोलणार तीच पाठवा आणि प्रमाणपत्र आल्यावर तीत नवी वाक्यं घालू नका. बतावणीतल्या नटांना हे आधी बजावा, त्यांना ऐनवेळी वाढवायची सवय असते. सिनेमाची गाणी पार्श्वसंगीतात वापरू नका. गावात 'वही' ही खानदेशी लोकगाणी गाणारे, डफ वाजवणारे असतील तर त्यांना बसवा. परवानगीचा प्रश्न उरत नाही आणि नाटकाला त्याच मातीचा सूर मिळतो.

राहिला मुख्य नट. त्याला सगळ्यांसमोर काही सांगू नका, संहिता कापून झाली की तो आणि दिग्दर्शक दोघंच बसा. यात्रेच्या वहीत त्याचे टाळीचे सगळे प्रवेश आहेत, स्पर्धेच्या वहीत कोणते गेले आणि का, ते मिनिटांच्या आकड्यांसकट दाखवा. दुसऱ्यांची किती वाक्यं गेली तेही दाखवा. त्याची एकट्याची भूमिका कापलेली नाही हे त्याला डोळ्यांनी दिसू द्या. त्याच्या मोठ्या भाषणातली कोणती चार वाक्यं ठेवायची ते त्यालाच निवडू द्या. निवडताना तो भाषण पुन्हा पुन्हा वाचेल आणि बहुधा स्वतःच आणखी दोन कमी करेल. मग एक तारीख द्या, ऑगस्ट सुरू व्हायच्या आधीची. तोवर हो आलं तर भूमिका त्याची. नाही आलं तर यात्रेतली भूमिका त्याच्याकडेच ठेवा, स्पर्धेतली बदली नटाला द्या, आणि दुसऱ्याच दिवशी हालचालींची पहिली तालीम लावा.